जोड आणि काटा

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच आमच्या इटियाडोहाच्या परिसरात काट्यांचे दिवस सुरू होतात. गाढवी नदीवरच्या या धरणाच्या पाण्यावर पिकलेले धान खळ्यावर येते, कट्ट्यांत भरले जाते आणि काट्यावर चढते. काटा बोलेल तेवढेच आपले. आमच्या आजोबांच्या पिढीला काट्याची एवढी सवय नव्हती. पायली-कुडवाने मापावयाचे नि खंडीने मोजावयाचे, असा त्यांचा हिशेब. जाणता शेतकरी तर राशीकडे नुसते पाहून किती खंडी भरेल ते सांगावयाचा आणि फारसा चुकत नसे. ती नजर गेली, काटा आला. नजर फसवते, काटा फसवीत नाही, असे आपण मानतो.

त्याच धानाच्या काट्यावर काही वर्षांपूर्वी मी एका मुलाला उभे केले होते. दुसऱ्या दिवशी शालेय कुस्तीच्या स्पर्धा होत्या आणि त्याचे नाव ४८ किलोंच्या गटात दिलेले होते. काटा म्हणाला, ४९ किलो २०० ग्रॅम. वरच्या ५१ किलोंच्या गटात दांडगी पोरे होती, ती मी पाहिली होती. मी त्याला सांगितले, "आज रात्री जेवू नकोस. उद्या पाणीही पिऊ नकोस. पहाटे अंगात दोन सदरे घालून पळ."

"गुरुजी, तहान लागली तर?"

"गुळणी कर नि थुंकून टाक."

मुलगा गुणी होता. त्याने सारे ऐकले. सकाळी काट्यावर तो ४७ किलो ९०० ग्रॅम भरला आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली. दुपारी कुस्ती लागली. दोन मिनिटे तो बरा खेळला, मग त्याच्या पायात गोळा आला आणि सरावात ज्याला तो हसत खेळत खाली घेई त्याच मुलाने त्याला चीत केले. माझ्यासमोर येऊन तो रडला नाही, की त्याने काही तक्रार केली नाही. त्याने एवढेच विचारले, "गुरुजी, आता पाणी पिऊ?"

तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. मल्लाला काट्यावर चढवावयाचे हे मुळात कोणी ठरविले, कशासाठी ठरविले आणि त्यातून हे पाण्याचे वैर कसे निपजले, याचा शोध घ्यावा असे तेव्हापासून वाटू लागले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीला काटा ठाऊक नव्हता. तिला ठाऊक होती ती जोड. गावच्या जत्रेत हलगी वाजू लागली की आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागत. त्यांना इनाम रेवड्यांचे नाही तर नारळाचे. मग चढत्या भाजणीने इनाम वाढे आणि मल्लही वाढत. कोणाची कुस्ती कोणाशी लावावयाची हे गावचे जाणते नि वस्ताद ठरवीत. पोराचा खांदा, मान, मांडी पाहावयाची, तो कोणत्या तालमीचा हे विचारावयाचे, मागच्या जत्रेत त्याने कोणाला मारले ते आठवावयाचे, आणि मग दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यावयाचे. या पाहण्यात वजन होतेच, पण ते एकटे नव्हते. वय, दम, डावपेच आणि छाती यांची त्यात बेरीज असे. तोडीस तोड हा त्या जोडीचा न्याय होता.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला जो राजाश्रय दिला तो याच जोडीच्या कुस्तीला. युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून महाराजांच्या मनात खासबागेची कल्पना आली असे सांगतात. १९१२ साली ते मैदान उभे राहिले. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी त्याची रचना आहे. त्या हौद्यात उतरणाऱ्या मल्लाला किलो-पौंड कोणी विचारीत नसे. पंजाबचा गामा त्याच काळातला. उंचीने जेमतेम साडेपाच फुटांच्या वरचा हा मल्ल जवळजवळ सात फुटी रहीमबक्ष सुलतानीवाल्याशी भिडला. १९१० साली लंडनला जाऊन त्याने पोलंडच्या झ्बिश्को या आपल्याहून कितीतरी जड मल्लाला अडीच तासांहून अधिक वेळ मातीला खिळवून ठेवले.

केवळ आपणच असे होतो असेही नाही. १८९६ साली अथेन्सला पहिले अर्वाचीन ऑलिम्पिक भरले, तेव्हा कुस्तीत वजनाचे गट नव्हतेच. ती स्पर्धा जिंकली कार्ल शूमान या जर्मनाने, आणि तो मुळात कसरतपटू, उंचीने पाच फूट तीन इंचांच्या आसपास. पहिल्याच कुस्तीत त्याने लॉन्स्टन इलियट या धिप्पाड भारोत्तोलकाला पाडले. अंतिम कुस्ती तर अंधार पडल्यामुळे थांबवून दुसऱ्या दिवशी पुरी करावी लागली.

या गोष्टी ऐकावयास फार गोड लागतात. परंतु इतिहास वाचताना एक सावधगिरी ठेवावी लागते. लहानाने मोठ्याला पाडल्याची कथा उरते, कारण ती क्वचित घडते. मोठ्याने लहानाला पाडल्याच्या शेकडो कुस्त्या कोणी लिहून ठेवीत नाही. गावच्या जत्रेत वस्तादाची नजर चालते, कारण पोरे त्याच्या ओळखीची असतात. पण देशोदेशीचे अनोळखी मल्ल एकत्र आले, म्हणजे कोणाच्या नजरेवर विश्वास ठेवावयाचा? तेथे तिऱ्हाईत साक्षीदार हवा. तो साक्षीदार म्हणून काटा आला. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे वजन गट झाले.

आपला काट्याशी पहिला मोठा परिचय १९२० सालचा. पुण्याचे डेक्कन जिमखाना आणि सर दोराबजी टाटा यांच्या खटपटीने त्या साली बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिम्पिकला हिंदुस्थानचे खेळाडू गेले. त्यांत दोन मल्ल होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे. मातीवर वाढलेले हे गडी प्रथमच वजनाच्या कप्प्यात बसून खेळले. नवले मध्यम वजनात होते, शिंदे त्याहून हलक्या फेदरवेट गटात. शिंदे तिसऱ्या क्रमांकाच्या कुस्तीपर्यंत पोहोचले आणि तेथे हरले. पदक हाताशी येऊन निसटले. मोठ्या मैदानात ज्याला बिनीच्या कुस्तीत कोणी उभे केले नसते असा हलक्या अंगाचा मल्ल जगाच्या स्पर्धेत पदकाच्या दारापर्यंत गेला, तो गटामुळे.

ते दार उघडले पुढे बत्तीस वर्षांनी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे नाव मराठी माणसाला नवे नाही. साडेपाच फुटांच्या आतबाहेरची उंची, चपळ अंग. १९४८ साली लंडनला ते ५२ किलोंच्या गटात खेळले. गादीवरच्या कुस्तीची सवय नसताना त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. चार वर्षांनी हेलसिंकीला जावयाचे तर पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोंच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरविले. पुढे रशियाच्या आणि जपानच्या मल्लांपुढे त्यांची हार झाली. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताचे ऑलिम्पिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. हेलसिंकीला कुस्तीचे आठ गट होते. ५२, ५७, ६२, ६७, ७३, ७९, ८७ आणि ८७च्या वर. हे गट नसते तर सत्तावन्न किलोंच्या खाशाबांना शंभर किलोंच्या मल्लाशी भिडावे लागले असते. डावपेच कितीही असोत, एका पायाखाली दबलेला डाव काय करणार? खाशाबांचे पदक हे त्यांच्या मेहनतीचे आणि खर्डीकरांच्या घराचे, तसेच ते काट्याचेही आहे. हलक्या माणसालाही जगात पहिला येता यावे, त्याने जन्मभर जडांच्या सावलीत राहू नये, एवढ्यासाठी वजन गट निर्माण झाला. गरिबाघरच्या, किरकोळ बांध्याच्या पोराच्या बाजूने उभा राहिलेला असा नियम खेळात दुसरा क्वचितच सापडेल.

खाशाबांची दुसरी एक गोष्ट मला शिक्षक म्हणून मोलाची वाटते. १९४८ साली ५२ आणि १९५२ साली ५७. चार वर्षांत गडी पाच किलोंनी वरच्या गटात गेला आणि वरच्याच गटात त्याने पदक मिळविले. ही गोष्ट मला त्या सकाळी धानाच्या काट्याजवळ आठवावयास हवी होती.

मग बिघडले कोठे? बिघडले ते माणसाच्या हुशारीत. ५७ किलोंची मर्यादा ठरली की ६० किलोंच्या मल्लाला वाटते, तीन किलो उतरवावे आणि आपल्याहून हलक्यांत खेळावे. तो तसे करतो म्हणून दुसराही करतो. शेवटी सारेच उतरवितात आणि कोणाचाच फायदा होत नाही, झालाच तर सर्वांचा तोटा. चरबी एका रात्रीत उतरत नाही, उतरते ते पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. घाम काढला, पाणी तोडले, गरम खोलीत बसले की काटा खाली येतो. परंतु अंगातले पाणी घटले की रक्त आटते, काळजाला अधिक राबावे लागते, घामावाटे अंग थंड ठेवण्याची शक्ती मंदावते आणि स्नायूंना गोळे येतात. प्यालेले पाणी पोटात मिनिटात जाते, पण शरीराची घडी पूर्ववत बसावयास कित्येक तास लागतात.

याची किंमत अमेरिकेने १९९७ साली मोजली. नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या सुमारे महिनाभरात तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरविताना मरण पावले. मुले विशीच्या आसपासची होती. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी कपडे आणि वाफेच्या खोल्या यांना बंदी झाली, लघवी तपासून अंगात पाणी पुरेसे आहे की नाही हे पाहण्याची पद्धत आली, आणि वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या अगदी जवळ आणली गेली.

या शेवटच्या गोष्टीत साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. काटा आणि कुस्ती यांत जितके अंतर अधिक, तितकी लबाडीला जागा अधिक. आदल्या दिवशी वजन दिले की रात्रभर खाऊन-पिऊन मल्ल पुन्हा जड होऊ शकतो. हल्ली आमच्या शाळेतली पोरे मोबाइलवर मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या पिंजऱ्यातल्या लढती पाहतात. त्यांनी एकदा विचारले, "गुरुजी, तेथे वजन करतात का?" करतात, आणि तेथील इतिहास आपल्याच इतिहासाची छोटी आवृत्ती आहे. १९९३ साली डेन्व्हर शहरी पहिली मोठी स्पर्धा झाली तेव्हा वजनाचे गट नव्हते. सुमारे ऐंशी किलोंच्या रॉइस ग्रेसी या ब्राझीलच्या मल्लाने आपल्याहून थोराडांना हरविले आणि त्याची कीर्ती झाली. पण चार वर्षांतच, १९९७ साली, तेथेही दोनशे पौंडांच्या वर नि खाली असे दोन गट करावे लागले, आणि २०००च्या सुमारास न्यू जर्सीत घडलेल्या नियमावलीतून पुढे आजचे अनेक गट आले. मोठ्या स्पर्धांत तेथे वजन आदल्या दिवशी घेतात. किताबाची लढत असेल तर रेसभरही सूट नाही, एरवी बहुधा एका पौंडाची. मधल्या दिवसाभरात लढवय्ये कित्येक किलो परत चढवितात. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथील स्पर्धेपूर्वी वजन उतरविताना एक चिनी तरुण लढवय्या दगावला. तेव्हा आशियातील त्या संस्थेने पाणी तोडून वजन उतरविण्यावर बंदी घातली आणि लघवीच्या तपासणीचा नियम केला.

जागतिक कुस्ती महासंघाने वेगळी वाट धरली. २०१७पर्यंत तेथेही वजन आदल्या संध्याकाळी होई. २०१८पासून वजन कुस्तीच्याच दिवशी सकाळी घेऊ लागले, आणि एका गटाच्या कुस्त्या दोन दिवस चालत असल्यामुळे दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन. पहिल्या दिवशी त्यासाठी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे. मल्लाने कुस्तीचा पोशाख घालून काट्यावर उभे राहावयाचे, पोशाखाच्या वजनाची सूट नाही. वेळ आहे तोवर हवे तितक्यांदा चढता येते. ऑलिम्पिकमध्ये एक ग्रॅमही अधिक चालत नाही, आणि दुसऱ्या दिवशी चुकले तरी पहिल्या दिवसाचे सारे पुसले जाते. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. दोनदा काट्यावर चढावयाचे म्हटले की कोणी फार उतरविणार नाही, असा त्यांचा हिशेब.

हिशेब चुकला तो ७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी पॅरिसला. विनेश फोगाट आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून ५० किलोंच्या गटात अंतिम फेरीत पोहोचली होती, आणि त्यांतली पहिली कुस्ती जपानच्या अजिंक्य समजल्या जाणाऱ्या युई सुसाकीविरुद्धची. पहिल्या सकाळी काटा पन्नासच्या आत होता. दिवसभर कुस्त्यांना बळ यावे म्हणून जे खाल्ले-प्याले त्याने वजन वर गेले. रात्रभर तिने घाम काढला, शेवटी केसही कापले. तरी काटा १०० ग्रॅम वर राहिला. चहाच्या एका लहान कपाएवढे पाणी! तिला बाद केले आणि क्रमवारीत तळाशी टाकले. क्रीडा लवादाकडे तिने दाद मागितली, ती १४ ऑगस्टला फेटाळली गेली. त्याच पॅरिसमध्ये दोन दिवसांनी अमन सेहरावतने ५७ किलोंत कांस्य जिंकले. त्याने उपान्त्य कुस्तीनंतरच्या दहा तासांत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरविले असे प्रसिद्ध झाले. एकाच रात्रीच्या छळाने एकाला पदक दिले, दुसरीचे काढून घेतले. त्या दोघांचेही आपण कौतुक केले. त्या रात्रीविषयी मात्र आपण फारसे बोललो नाही.

नियम वाईट होता काय? मला तसे वाटत नाही. १०० ग्रॅमला सूट दिली तर २०० ग्रॅमचा उमेदवार दारात उभाच आहे. दोष अन्यत्र आहे. हेलसिंकीला आठ गट होते, पुढे १९७२पासून १९९६पर्यंत दहा होते. मग ते कमी होत होत २०१६पासून प्रत्येक प्रकारात सहाच उरले. पुरुषांच्या मुक्त कुस्तीत ५७च्या वर एकदम ६५. आठ किलोंची ही दरी! बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले ते ६१ किलोंत, आणि ६१चा गट ऑलिम्पिकमध्ये नाहीच. विनेशही रिओला ४८, टोकियोला ५३ आणि पॅरिसला ५० किलोंत खेळली. पायऱ्या काढून घेतल्या की माणूस उडी मारतो. ज्या गटाने खाशाबांना जागा दिली, ते गटच कमी केले तर काटा पुन्हा जडांच्याच बाजूने झुकू लागतो.

आपल्या महाराष्ट्रानेही या दोन न्यायांची सांगड घालून पाहिली आहे. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, १९६१ साली दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. परिषदेच्या अधिवेशनात ५७ किलोंपासून वेगवेगळ्या गटांच्या कुस्त्या होतात, पण गदा मिळते ती ८६ ते १२५ किलोंच्या खुल्या गटाला. थोर मल्लांची परंपरा त्या गदेमागे आहे, तिचा मान मोठाच. तरी माझ्यासारख्या झाडीपट्टीतल्या शिक्षकाच्या मनात येते, की आमच्याकडची पोरे बहुधा हाडापेराने बारीक, भातावर वाढलेली. त्यांना गदेपेक्षा गटांची गरज अधिक.

असो. जोडीचा न्याय आणि काट्याचा न्याय यांत कोण श्रेष्ठ हा वाद मला निरर्थक वाटू लागला आहे. वस्तादाची नजर पोराला ओळखत असे, पण ती पक्षपाती होऊ शके. काटा पक्षपात करीत नाही, पण तो पोराला ओळखतही नाही. ते जेवले आहे की उपाशी आहे, हे त्याला दिसत नाही. ते पाहावयाचे काम वस्तादाचे, गुरुजीचे नि आईबापाचे. आम्ही काटा आला म्हणून नजर टाकून दिली, ही आमची चूक.

आता मी मुलांचे वजन स्पर्धेच्या आदल्या दिवशी घेत नाही. शाळा सुरू होताच घेतो, मग दर महिन्याला, आणि तेही जेवून, पाणी पिऊन आल्यावर. जो आकडा येतो त्यावरून गट ठरतो. गेल्या साली एक पोरगा मर्यादेच्या तीनशे ग्रॅम वर भरला. "गुरुजी, रात्री जेवत नाही," तो आपणहून म्हणाला. ही विद्या पोरांना शिकवावी लागत नाही! मी त्याचे नाव वरच्या गटात लिहिले. तो दुसऱ्याच कुस्तीत हरला, पण गुणांवर, आणि शेवटपर्यंत पायांवर उभा राहून. हौद्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या हाती मी पाण्याचा तांब्या दिला. त्याने मला काही विचारले नाही, घटाघटा प्यायला.